साप विकण्याच्या जाहिरातींतले वयाचे आणि ब्रीडिंगचे शब्द कसे वाचायचे?

पहिला_पायथन:
नमस्कार मंडळी. बॉल पायथन पाळायचा हे घरात सगळ्यांशी बोलून पक्कं झालंय, एन्क्लोजर तयार आहे, तापमान आणि ओलावा दोन्ही स्थिर झालेत, आता फक्त साप निवडायचा राहिलाय आणि नेमकी तिथेच गाडी अडलीये. जाहिराती वाचतोय पण त्यांची भाषाच कळत नाहीये. उदाहरणं देतो, जशी वाचली तशीच लिहितोय.

"०.१ सीबी सबअडल्ट पेस्टल, ६६% हेट क्लाउन, ९०० ग्रॅम, एफ/टी वर"
"१.० बनाना, प्रूव्हन ब्रीडर, फीमेल मेकर"
"०.०.४ सीएच हॅचलिंग्ज, नॉर्मल, वेल स्टार्टेड"
"१.१ एलटीसी अडल्ट पेअर"

यातलं सीबी म्हणजे कॅप्टिव्ह ब्रेड एवढं माहितीये आणि एफ/टी म्हणजे फ्रोझन उंदीर वितळवून देतात हेही कळलं. पण सबअडल्ट म्हणजे नक्की किती वयाचा? एका ठिकाणी ४०० ग्रॅमच्या सापाला सबअडल्ट म्हटलंय, दुसरीकडे ९०० च्या. ६६ टक्के हेट म्हणजे काय, दोन तृतीयांश क्लाउन का? आत्ता मला एकच साप हवाय, शक्यतो मादी, नुसती पाळायला. पुढे तीन-चार वर्षांनी नीट शिकून ब्रीडिंग करावंसं वाटलं तर दार बंद नको एवढंच. कुठले शब्द महत्त्वाचे आणि कुठल्यांवर विश्वास ठेवायचा नाही हे कुणी नीट समजावून सांगेल का? घाई नाहीये, सविस्तर लिहिलंत तरी वाचेन.

कातीचा_हिशोब:
आधी विचारताय हे फार चांगलं, बरेच जण साप घरी आल्यावर विचारतात. मी वय आणि मूळ यावर लिहितो, जेनेटिक्सवर इथे माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे आहेत.

टिंब घालून लिहिलेले आकडे सगळ्यात सोपे. पहिला आकडा नर, दुसरा मादी, तिसरा लिंग न तपासलेले. म्हणजे १.० एक नर, ०.१ एक मादी, १.१ जोडी, आणि ०.०.४ म्हणजे चार पिल्लं आहेत पण नर की मादी ते कुणी बघितलेलं नाही. प्राणिसंग्रहालयांत पण असंच लिहितात. तुम्हाला मादीच हवी असेल तर ०.०.४ वाली जाहिरात तिथेच सोडा, किंवा तपासून द्या म्हणा.

आता वय. हॅचलिंग म्हणजे अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू, पण "नुकतंच" किती दिवस चालवायचं याचा काही नियम नाही, कुणी पहिल्या कातीपर्यंत म्हणतं, कुणी दोन-तीन महिन्यांपर्यंत. बॉल पायथनचं पिल्लू जन्मताना साधारण ५० ते ८० ग्रॅमचं असतं आणि एक-दोन आठवड्यांत पहिली कात टाकतं, त्याआधी पोटातल्या बलकावर असतं त्यामुळे खात नाही. खरंच लहान आहे का हे बघायचं असेल तर पोटाकडून फोटो मागवा, पोटावरच्या रुंद खवल्यांच्या ओळीत शेपटीच्या बाजूला एका ठिकाणी नाळेची बारीक उभी चीर दिसते, दोन-चार खवले मध्ये कापून परत जोडल्यासारखे दिसतात, पुढच्या काही कातींत ती खूण पुसट होत जाते. खूण नीट दिसत असेल तर पिल्लू नवीनच आहे. दिसली नाही म्हणून मात्र मोठं आहे असं धरू नका, फोटोवर पण बरंच अवलंबून असतं.

त्यानंतर ज्युवेनाइल (लहान), सबअडल्ट (अजून पूर्ण न वाढलेला), अडल्ट (पूर्ण वाढलेला). यांना ठरलेली मापं नाहीत. यर्लिंग म्हणजे साधारण वर्षाचं, तो एकच शब्द त्यातल्या त्यात तारखेला बांधलेला आहे. बाकीचे विकणारा साप बघून अंदाजाने लावतो आणि सापाच्या आकारावरून वय सांगता येत नाही हीच खरी अडचण आहे. साप किती वाढेल ते किती खायला दिलं यावर ठरतं. वर्षभरात भरपूर चारून ९०० ग्रॅमला नेलेली मादी आणि तीन वर्षं हळूहळू वाढलेली ९०० ग्रॅमची मादी, दोन्ही जाहिरातीत सबअडल्टच असतील, पण दोन्ही प्राणी वेगळे. म्हणून शब्द सोडा आणि तीन गोष्टी विचारा: जन्मतारीख, आजचं वजन काट्यावर ठेवलेल्या फोटोसकट, आणि खाण्याची नोंद. नीट ब्रीडिंग करणाऱ्याकडे प्रत्येक टबवर कार्ड असतं, त्यावर कधी खाल्लं, काय खाल्लं, कधी नाकारलं, कधी कात टाकली सगळं तारखेनिशी लिहिलेलं असतं, त्याचा फोटो मागितला तर तो लगेच पाठवतो.

"वेल स्टार्टेड" म्हणजे पिल्लू स्वतःहून, जबरदस्ती न करता खायला लागलंय. चांगला शब्द आहे पण किती वेळा खाल्लं ते विचाराच. बॉल पायथनची पिल्लं सुरुवातीला फार नखरे करतात, लागोपाठ पाच-सहा वेळा खाल्लेलं असेल तर मी निश्चिंत होतो, एकदा-दोनदा खाल्लेल्याला वेल स्टार्टेड म्हणणं मला पटत नाही. आणि जिवंत उंदीर खात होतं की फ्रोझन हेही विचारा, जिवंतवर लागलेलं पिल्लू तुमच्याकडे आल्यावर फ्रोझन घेईलच असं नाही.

मूळ कुठलं हे मला वयापेक्षा मोठं वाटतं. सीबी किंवा सीबीबी म्हणजे पाळलेल्या नर-मादीची पिल्लं. डब्ल्यूसी म्हणजे रानातून पकडलेला. एलटीसी म्हणजे लाँग टर्म कॅप्टिव्ह, ऐकायला छान वाटतं पण याचा सरळ अर्थ रानातून पकडलेला आणि नंतर काही काळ सांभाळलेला, तो काळ सहा महिने की सहा वर्षं ते शब्दातून कळत नाही. आणि सीएच म्हणजे कॅप्टिव्ह हॅच्ड, यात लोक सगळ्यात जास्त फसतात कारण सीबी आणि सीएच दिसायला सारखे. बॉल पायथनच्या बाबतीत सीएच म्हणजे बहुतेक वेळा पश्चिम आफ्रिकेत, घाना टोगो बेनिन या पट्ट्यात, रानातून पकडून आणलेल्या गाभण मादीची अंडी किंवा तिथूनच गोळा केलेली अंडी बंदिस्त जागेत उबवून काढलेली पिल्लं. अंडं फुटलं पिंजऱ्यात, पण आईबाप रानातले. अशी पिल्लं गर्दीत, लांबच्या प्रवासातून, गोचीड आणि जंत घेऊन येतात आणि खाणं सुरू करायला त्रास देतात.

यावर कागद मदत करतो. बॉल पायथन साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे एका देशातून दुसऱ्या देशात कायदेशीर जायचा असेल तर परमिट लागतं आणि परमिटवर सोर्स कोड असतो. डब्ल्यू म्हणजे रानातला, आर म्हणजे रँच्ड (वरचा सीएच प्रकार साधारण यातच येतो), सी म्हणजे साइटिसच्या नियमात बसणारं पूर्ण कॅप्टिव्ह ब्रीडिंग, आणि एफ म्हणजे बंदिस्त जागेत जन्मलेला पण सी च्या अटींत न बसणारा. जाहिरातीत सीबी आणि कागदावर आर असेल तर तिथेच थांबा. साप तुमच्याच देशात जन्मलेला असेल तर असं परमिट नसेल, पण मग नोंदणीचे जे काही कागद तिथल्या कायद्याप्रमाणे लागतात ते हवेतच, त्याशिवाय पुढचं बोलणंच नको.

जनुक_आणि_खवले:
वरचं उत्तर उत्तम. मी ६६ टक्क्यांवर येतो, कारण हा एकमेव भाग असा आहे जिथे आकड्याला खरंच अर्थ असतो, फक्त तो अर्थ लोकांना वाटतो तो नसतो.

क्लाउन, पेस्टल, बनाना ही सापाच्या रंग-नक्षीच्या प्रकारांची नावं, अशा प्रकाराला मॉर्फ म्हणतात. क्लाउन हा रिसेसिव्ह गुण आहे. म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तरच सापाच्या अंगावर दिसतो. एकच प्रत असेल तर साप दिसायला नेहमीचा, पण पुढच्या पिढीला ती प्रत देऊ शकतो, त्याला हेट म्हणतात. आता हेट नर आणि हेट मादी यांची पिल्लं धरा. सरासरीने चारात एक क्लाउन दिसणारं, दोन हेट, आणि एक अगदी कोरं. क्लाउन दिसतं ते बाजूला काढलं की उरली तीन, दिसायला तिन्ही सारखी, त्यातली दोन हेट. तीनात दोन म्हणजे ६६ टक्के. म्हणजे तुमच्या सापात ६६ टक्के क्लाउन असं काही नसतं, तो एक तर हेट आहे किंवा नाही, फक्त बघून कळत नाही म्हणून शक्यता लिहिलीये. हेट आणि कोरा अशी जोडी असेल तर निम्मी पिल्लं हेट, म्हणून ५० टक्के. आणि आईबापांपैकी एक जण स्वतः क्लाउन दिसत असेल तर प्रत्येक पिल्लाला एक प्रत मिळतेच, ते १०० टक्के हेट, जाहिरातीत नुसतं "हेट" लिहिलं असेल तर हेच अपेक्षित असतं.

म्हणून ६६ लिहिलेलं दिसलं की विचारायचं, आईबाप दोघेही हेट आहेत हे कशावरून? त्याच अंड्यांतून एखादं तरी क्लाउन निघालंय का? निघालं असेल तर दोघेही हेट हे सिद्धच झालं, ६६ खरा. एकही निघालं नसेल आणि आईबाप पण कुणाकडून "६६ टक्के" म्हणूनच घेतलेले असतील तर हा आकडा हवेतला आहे, खरी शक्यता त्यापेक्षा बरीच खाली येते. अशी शक्यतेवर शक्यता रचत गेलेली साखळी बाजारात खूप दिसते आणि शेवटच्या विकत घेणाऱ्याला ती माहीतच नसते याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे कधी तुम्ही या मादीला क्लाउन नराबरोबर लावलंत तर ती हेट असल्यास प्रत्येक पिल्लू क्लाउन निघायची शक्यता निम्मी. बॉल पायथन एका वेळी साधारण सहा अंडी देते. सहाच्या सहा पिल्लं साधी निघाली तर ती हेट असायची शक्यता ६६ वरून ३ टक्क्यांच्या आसपास येते. एक जरी क्लाउन निघालं तर ती १०० टक्के हेट, विषय संपला. आणि आता काही मॉर्फसाठी कातीच्या तुकड्यावरून डीएनए तपासणी होते, क्लाउनची तपासणी उपलब्ध असेल तर विकणाऱ्याला करून द्यायला सांगा किंवा तुम्ही कात पाठवा, मग टक्क्यांचा प्रश्नच राहत नाही.

पेस्टल वेगळा. त्याची एकच प्रत असली तरी दिसतो, दोन प्रती असल्या तर आणखी उजळ दिसतो, त्याला सुपर पेस्टल म्हणतात. त्यामुळे "हेट पेस्टल" असं कुणी लिहिलं तर समजा की विकणाऱ्याचा स्वतःचाच गोंधळ आहे. सुपर पेस्टलची सगळी पिल्लं किमान पेस्टल निघणार, साध्या पेस्टलची साध्या नराबरोबर निम्मी.

फीमेल मेकरबद्दल पण सांगतो. बनानाचं जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेलं आहे. बनाना नराला ते जनुक त्याच्या आईकडून मिळालं असेल तर त्याची बनाना पिल्लं बहुतेक माद्या निघतात, तो फीमेल मेकर. बापाकडून मिळालं असेल तर बनाना पिल्लं बहुतेक नर, तो मेल मेकर. बहुतेक म्हटलंय, सगळी नाही, अधूनमधून उलट पण निघतात. म्हणजे या दाव्याचा पुरावा त्या नराच्या आईबापात आहे, आईबाप माहीत नसतील तर त्याने काढलेल्या पिल्लांची नोंद बघायची. तुम्हाला मादी पाळायचीये म्हणजे हा नर तुमच्या कामाचाच नाही, पण विचारलंत म्हणून सांगितलं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. मॉर्फची नावं एकत्र झाली की नवीन गोंडस नाव लागतं आणि आतला जनुक नावात दिसेनासा होतो. बम्बलबी म्हणजे पेस्टल अधिक स्पायडर. स्पायडर जनुक असलेल्या सापांना तोल सांभाळायचा त्रास असतो, मान थरथरते, डोकं कलंडतं, काही वेळा भक्ष्यावर झेप चुकते, कमीजास्त प्रमाणात पण असतोच, आणि तो त्रास त्या जनुकाबरोबरच येतो, ब्रीडिंगने वेगळा काढता आलेला नाही. शॅम्पेनमध्ये पण तोल जायची तक्रार आहे. नाव आवडलं तरी आत कुठकुठली जनुकं आहेत ते एकेक करून लिहून मागवा. मी स्वतः असे साप घेत नाही आणि कुणी विचारलं तर घेऊ नका असंच सांगतो.

शांत_बोआ:
एक छोटी भर. हे सगळं बॉल पायथनचं चाललंय, पण दुसरी जात बघत असाल तर शब्द आणि आकडे दोन्ही बदलतात. बोआ अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, त्यामुळे तिथे हॅचलिंग नाही, निओनेट म्हणतात, आणि क्लच (एका वेळची अंडी) ऐवजी लिटर (एका वेळची पिल्लं). कुणी "बोआ हॅचलिंग, सीएच" लिहिलं असेल तर त्याला स्वतःच्या प्राण्याची किती माहिती आहे ते कळतं. कॉर्न स्नेकचं पिल्लू जेमतेम काही ग्रॅमचं असतं, तिथे ३००-४०० ग्रॅमचा साप चांगला वाढलेला अडल्ट. हॉगनोजमध्ये मादी नरापेक्षा कितीतरी मोठी होते, त्यामुळे एकाच वजनाचा नर अडल्ट आणि मादी अजून पोर असू शकते. वजनावरून वयाचा शब्द लावायचा तर आधी जात, मग लिंग, आणि मग वजन.

बोआमध्ये "लोकॅलिटी" पण बघायला मिळेल, म्हणजे मूळ कुठल्या बेटावरच्या किंवा भागातल्या सापांचा वंश. नुसत्या रंगावरून कुणी लोकॅलिटी सांगत असेल तर सोडून द्या, वंशाची नोंद हवी.

पहिला_पायथन:
वा, इतकं सविस्तर! मनापासून आभार. मी पहिल्या जाहिरातीवाल्याला, म्हणजे ती पेस्टल मादी, लगेच मेसेज केला. त्याचं उत्तर असं आलं: "वय १५ महिने, ९०० ग्रॅम, प्रूव्हन लाइन आहे, या सीझनला ब्रीड करू शकता, पॉप्ड फीमेल." आईबापाचे फोटो संध्याकाळी पाठवतो म्हणालाय. यात प्रूव्हन लाइन म्हणजे काय? आणि १५ महिन्यांची मादी खरंच ब्रीड करायची असते का? मला आत्ता करायचं नाहीचे, पण विकणारा कसा आहे त्याचा अंदाज घ्यायचाय. शिवाय कातीचा_हिशोब दादा, सीएच अजिबातच घेऊ नये का? ती पिल्लं बघून जीव तुटला खरं तर.

अंड्यांची_राखण:
ब्रीडिंगचं मी सांगते, हेच माझं आवडीचं काम.

१५ महिन्यांत ९०० ग्रॅम म्हणजे चांगलं खाल्लेली मादी, अशक्य नाही, फार भयानक पण नाही. पण ब्रीडिंगला तयार? नाही. बॉल पायथन मादी साधारण १५०० ग्रॅमच्या आसपास आणि तीन वर्षांची होईपर्यंत थांबायचं असं बहुतेक जबाबदार लोक मानतात आणि मी त्याच मताची आहे. दोन्ही गोष्टी हव्यात, वजन पण आणि वय पण. काही जण लवकर वजन चढवायला दर चार-पाच दिवसांनी मोठे उंदीर कोंबतात, त्याला पॉवरफीडिंग म्हणतात, वजन चढतं पण ते चरबीचं, आणि अशी मादी अंडी देताना अडकू शकते. अंडी द्यायच्या सीझनमध्ये मादी अनेकदा महिनोन्महिने खात नाही, अंडी घालून झाल्यावर तिच्याकडे बघवत नाही, पाठीचा कणा वर आलेला असतो, कातडी दोन्ही बाजूंनी सैल पडलेली असते. पूर्ण वाढलेली मादी यातून दोन-चार महिन्यांत सावरते. अर्धवट वाढलेलीला पुढचं अख्खं वर्ष लागतं, कधी कायमची मागे पडते. नरांचं तसं नाही, सहा-सातशे ग्रॅमचा, वर्ष-दीड वर्षाचा नर तयार होऊ शकतो. म्हणून "ब्रीडर साइज" हा शब्द नराला आणि मादीला वेगवेगळा लावायचा.

आता प्रूव्हन. हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी वापरतात. "प्रूव्हन ब्रीडर" म्हणजे या सापाने स्वतः फलित अंडी दिली किंवा याच्यापासून पिल्लं झालीत. "प्रूव्हन हेट" म्हणजे या सापापासून तो गुण दिसणारं पिल्लू निघालंय, म्हणजे हेट असल्याचं सिद्ध. आणि मॉर्फ प्रूव्हन म्हणजे तो रंग वंशातून उतरतो हे पिल्लं काढून दाखवलंय, जसं बॉल पायथनमध्ये अल्बिनोचं १९९२ मध्ये झालं आणि पायबॉल्डचं १९९७ मध्ये, त्याआधी रानातून विचित्र रंगाचे साप यायचे पण रंग पुढे जाईल की नाही कुणालाच खात्री नव्हती. तुमच्या विकणाऱ्याचं "प्रूव्हन लाइन" या तिन्हींत बसत नाही. त्याला फार तर एवढंच म्हणायचंय की हिच्या आईबापाने पिल्लं दिली, ती तर दिलीच असणार, नाहीतर ही आली कुठून! या शब्दासाठी एक पैसा जास्त देऊ नका. १५ महिन्यांची, कधी नराबरोबर न ठेवलेली मादी प्रूव्हन असूच शकत नाही आणि त्यात काही कमीपणा पण नाही.

"पॉप्ड" कडे लक्ष द्या. पिल्लू लहान असताना शेपटीच्या मुळाशी अंगठ्याने हलका दाब देऊन नराचे हेमीपेनिस, म्हणजे जननेंद्रियं, बाहेर येतात का बघतात. बाहेर आले तर नर, शंभर टक्के. नाही आले तर मादी, पण इथेच गोची आहे, दाब नीट बसला नाही किंवा पिल्लाने अंग आवळून धरलं तर नर सुद्धा मादी म्हणून लिहिला जातो. म्हणून पॉप्ड मेल पक्का, पॉप्ड फीमेल जरा कच्ची. आता ती ९०० ग्रॅमची झालीये तर अनुभवी हाताने प्रोब करून घ्यायला सांगा. बोथट सळई शेपटीच्या दिशेने आत जाते, मादीत तीन-चार खवल्यांच्या लांबीला थांबते, नरात त्याच्या दुप्पट किंवा जास्त खोल जाते. हे शिकलेल्या माणसानेच करायचं, घरी प्रयोग अजिबात नको, आतली कातडी फार नाजूक असते.

आणखी दोन शब्द सांगून ठेवते. "होल्डबॅक" म्हणजे ब्रीडरने स्वतःसाठी मागे ठेवलेलं पिल्लू, पुढे प्लॅन बदलला म्हणून विकतो. हे खरंच चांगले निघू शकतात, कारण नोंद असते आणि निगा घेतलेली असते, पण का विकताय ते विचारा. "ग्रॅव्हिड" म्हणजे अंडी पोटात असलेली मादी. अशी मादी कधीही घेऊ नका, देणाऱ्याने पण देऊ नये. अंडी घालायच्या आधीची कात टाकल्यावर महिन्याभरात अंडी येतात, त्या काळात तिला जागा बदलणं, गाडीतून हलवणं, नवं तापमान हे सगळं घातक आहे.

"व्हर्जिन फीमेल" पण दिसतं अधूनमधून. हे तपासायला काही मार्ग नसतो आणि साप नराचं शुक्र बराच काळ साठवू शकतात, शिवाय काही माद्या नराशिवाय पण अंडी देतात. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात २०२० मध्ये एका बॉल पायथन मादीने सात अंडी दिली, तिच्याजवळ पंधराहून जास्त वर्षं नर नव्हता. तिचं वय साठीच्या पुढे असावं असा अंदाज होता आणि तो अंदाजच, कारण १९६१ मध्ये ती एका खाजगी माणसाकडून आली तेव्हा जन्मतारीख कुठे होती. इतकी वर्षं सांभाळलेल्या सापाचं वय जर प्राणिसंग्रहालयाला अंदाजाने सांगावं लागतं, तर तारखेशिवाय कुणी "बरोब्बर चार वर्षांची" म्हणत असेल तर कशावरून ते विचारायलाच हवं.

कातीचा_हिशोब:
सीएचबद्दल. जीव तुटतो हे खरं आहे, माझाही तुटतो. पण एक विकलं गेलं की त्या जागी दुसरी पेटी मागवली जाते. पहिलाच साप आहे, आजारी आणि न खाणारं पिल्लू सांभाळणं अनुभवी माणसाची पण परीक्षा बघतं. माझं मत, पहिला साप सीबीच.

शांत_बोआ:
मी इथे थोडा वेगळा विचार करतो. एखादं सीएच पिल्लू सहा-आठ महिने कुणीतरी नीट सांभाळलंय, जंतांची तपासणी झालीये, लागोपाठ खातंय, वजन वाढतंय आणि विकणारा सीएच आहे असं स्वतःहून सांगतोय, तर तो खरं बोलणारा माणूस मला "सीबी" लिहून कागद न दाखवणाऱ्यापेक्षा बरा वाटतो. ताज्या आलेल्या पेटीतलं नको यावर मात्र माझं एकमत.

कातीचा_हिशोब:
खरं बोलणारा माणूस महत्त्वाचा, हे मान्य. तरी पैसा शेवटी त्याच साखळीत जातो आणि रानातल्या गाभण माद्या पकडल्या जातात, म्हणून मी नाहीच म्हणेन. निर्णय ज्याचा त्याने करावा.

पहिला_पायथन:
फोटो आले संध्याकाळी. लिहितो काय काय आलं ते. आई पेस्टल, दिसायला चांगली भरलेली. बाप साधा, क्लाउन नाही. दोघे हेट आहेत असं तो म्हणतो. मग मी जनुक_आणि_खवले यांनी सांगितल्याप्रमाणे भावंडांबद्दल विचारलं, तर त्याने अंडी फुटतानाचा फोटो पाठवला, टबावर मार्करने तारीख लिहिलेली, आतमध्ये अंड्याच्या कापलेल्या कवचातून तोंडं बाहेर काढलेली पिल्लं आणि त्यातल्या दोघांचं डोकं क्लाउनसारखं वेगळं दिसतंय. तारीख त्याने सांगितलेल्या १५ महिन्यांशी जुळते. खाण्याचं कार्ड पण पाठवलं, मध्ये दोन वेळा नाकारलंय ते पण लिहिलंय. नोंदणीचे कागद द्यायला तयार आहे. ब्रीडिंगबद्दल विचारलं की १५ महिने कमी नाहीत का, तर म्हणाला लोक विचारतात म्हणून तसं लिहिलं, तो स्वतः तिसऱ्या वर्षापर्यंत थांबतो.

जनुक_आणि_खवले:
दोन क्लाउन निघालेत आणि आईबाप दोघेही स्वतः क्लाउन नाहीत, म्हणजे दोघांनीही एकेक प्रत दिलीच आहे, दोघे हेट हे पक्कं झालं. फोटोतली पिल्लं खरंच क्लाउन आहेत का एवढं जवळून घेतलेल्या फोटोवर खात्री करा, क्लाउनच्या पाठीवर शेपटीपर्यंत जाडसर गडद पट्टा असतो आणि डोक्यावरची नक्षी नेहमीच्या सापापेक्षा अगदी वेगळी. ती जुळली तर ६६ टक्के हा आकडा प्रामाणिक आहे. आई पेस्टल आणि बाप साधा, त्यामुळे पोरगी पेस्टल निघणं पण बरोबर जुळतं.

अंड्यांची_राखण:
नाकारलेल्या वेळा लिहिणारा माणूस मला आवडला. कार्डवर सलग सगळं "खाल्लं खाल्लं" असतं तेव्हा मी उलट जास्त प्रश्न विचारते, कारण बॉल पायथन कधी ना कधी उपास करतेच. "या सीझनला ब्रीड करू शकता" हे मात्र त्याने जाहिरातीतून आणि मेसेजमधून काढून टाकावं, दुसरा कुणी घेऊन खरंच नराजवळ ठेवेल. तुम्ही सांगाच त्याला.

आता प्रोब करून घ्या, त्याच वेळी तोंड आणि खवल्यांच्या फटी बघून घ्या, माइट म्हणजे बारीक काळे ठिपके हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला आधी दिसतात. तो आत्ता कुठल्या आकाराचा उंदीर देतोय आणि किती दिवसांनी, ते अगदी ग्रॅममध्ये लिहून घ्या आणि सुरुवातीला तेच चालू ठेवा. घरी आणल्यावर वजन करून आठवडाभर अजिबात हातात घेऊ नका, मगच खायला द्या, पहिल्यांदा नाकारलं तर पुन्हा आठवडा थांबा.

पहिला_पायथन:
प्रोबसाठी तो तयार आहे, मी समोर असताना करू म्हणाला. ब्रीडिंगचं वाक्य काढायला पण सांगितलं, काढलंय त्याने, आत्ताच बघितलं. मादी पक्की निघाली तर तिलाच आणतोय. वजन आणि पहिलं खाणं इथेच लिहीन.